केंदाळाचा गाडा

वैशाखात पवनेचं पाणी उतरलं की चिंचवडच्या घाटावरून नदी दिसत नाही, केंदाळ दिसतं. शहरातली शिकलेली माणसं त्याला जलपर्णी म्हणतात. नाव फार सुंदर आहे. परवा सकाळच्या पाळीला सायकलवरून निघालो होतो, तेव्हा घाटाखाली पंधरा-वीस माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि लांब बांबूंनी ते हिरवं रान रेटत होती. काठावर धोतर खोचून उभा असलेला एक जाडा गृहस्थ ओरडत होता, "ओढताय कशाला, राव? पाठीचे काटे मोडतील! ढकला, ढकला! जाऊ द्या दापोडीकडं!"

पाण्यातून कुणी तरी विचारलं, "आणि दापोडीवाल्यांनी काय करायचं?"

"त्यांना काय हात नाहीत? त्यांनी पुढं ढकलायचं!"

सगळे हसले. ते हसणं ऐकून मी सायकलवरून उतरलो. म्हणजे उतरायचं ठरवलं नव्हतं, पाय आपोआप जमिनीला टेकले. तिकडे कारखान्याचा भोंगा झाला तरी मी तिथेच उभा. सहा वर्षांपूर्वी असंच एक हसणं मी ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणणंही लबाडीचं आहे. त्यात माझा आवाज होता.

फार बोलणं हा माझा स्वभाव नाही. घरातही नाही. बायको म्हणते, "तुमच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे विहिरीतून घागर ओढायची." तिला वाटतं हा कोकणातल्या माणसाचा तुसडेपणा. तसं असतं तर बरं होतं. न बोलण्याची मला सवय लागली ती एका न बोललेल्या गोष्टीमुळे. एक गोष्ट दाबून धरायची तर तिच्या आजूबाजूच्या दहा दाबाव्या लागतात. मग हळूहळू सगळंच बोलणं अवघड होऊन बसतं.

माझा जन्म खाडीकाठचा. आमच्या गावाला जमीन थोडी आणि खाजण फार. भरतीला पाण्याखाली जाणारं, ओहोटीला चिखल होऊन चमकणारं ते रान. मी लहान असताना एका वर्षी कुठून तरी परकं गवत त्या खाजणात शिरलं. कुणी म्हणे गलबताच्या तळाला वजनासाठी भरलेल्या मातीतून आलं, कुणी म्हणे बोंबलाच्या टोपल्यांतून. दोन वर्षांत त्यानं एवढा चिखल व्यापला की खेकड्यांची बिळं दिसेनात आणि बायकांना शिंपल्या सापडेनात. तेव्हा गाव खाजणात उतरला. ओहोटी लागली की उतरायचं, भरती चढू लागली की वर यायचं. गुडघाभर गाळात पाय रुतलेले, पायाला शिंपल्यांची धार लागलेली, नाकात तो कुजका खारट वास. वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. उपटलेलं गवत भरतीच्या रेषेच्या वर न्यायचं, बांधावर मुळं उन्हाकडे करून पसरायचं आणि कडकडीत वाळलं की जाळायचं. एका गड्यानं कंटाळून आपले भारे ओहोटीच्या पाण्यात सोडून दिले. संध्याकाळी भरतीबरोबर ते सगळे परत आले आणि नेमके त्याच्याच पायरीला लागले. वर्षभर लोक त्याला विचारायचे, "काय रे, पाहुणी परत आली का?"

खाडी माणसाला फसवणूक करू देत नाही. टाकलेलं सहा तासांनी दारात आणून ठेवते. नदीचं तसं नाही. नदीत सोडलेलं गेलं की गेलं, आणि डोळ्यांआड झालं म्हणजे संपलं असं माणसाला वाटतं. मी खाडीकाठचा होतो. मला तरी तसं वाटायला नको होतं.

लढाईच्या दिवसांत मी पोटासाठी वर देशावर आलो. कारकुनी केली, लढाई संपली तशी कारकुनीही संपली. मग गावसुधारणेच्या योजना निघाल्या आणि मी ग्रामसेवक झालो. पस्तिशीच्या आसपास होतो. खाकी अर्धी चड्डी, सायकल, खांद्याला शबनम, तिच्यात कंपोस्ट खताची पत्रकं. निघोज्याच्या आसपासची इंद्रायणीकाठची गावं माझ्याकडे होती. त्यातल्या ज्या गावाची ही गोष्ट आहे त्याचं नाव मी लिहीत नाही. दोष माझा आहे, गावाचा नाही. गावानं जे केलं ते त्याच्या रीतीला धरून केलं. मी मात्र मला ठाऊक असलेलं सोडून ते केलं.

त्या गावाजवळ नदीला मोठं वळण आहे. वळणावर डोह आणि डोहात केंदाळ. पान गुळगुळीत, गोल, वाटीसारखं. देठ फुगीर, दाबला की कचकन फुटतो आणि आत नुसती हवा. खाली मुळांचा काळा गुंता, बायका केस विंचरून गुंतवळ टाकतात तसा, पण हातभर लांब. आणि वर फूल. खोटं कशाला बोलू, मला ते फूल आवडायचं. जांभळट, नाजूक, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. सकाळी सगळा डोह फुललेला असायचा आणि त्याच्याखाली पाणी मेलेलं. म्हशी उतरत नसत. धुणं धुवायला बायका अर्धा मैल वर जात. हंडा बुडवायचा तर आधी दोन्ही हातांनी पानं सारायची, आणि भरलेल्या पाण्याला ओल्या गोणपाटाचा वास.

चैत्रात आम्ही श्रमदान सुरू केलं. पहिले पंधरा दिवस मी वडिलांच्या पद्धतीनं काम करून घेतलं. ओढून काठावर, काठावरून वर, मुळं उन्हाला. ज्यानं ओलं केंदाळ उचललं आहे त्यालाच त्याचं वजन ठाऊक. टोपलीभर पाला म्हणून डोक्यावर घ्यावा तर मानेचा मणका बोलतो. अंगाला खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत जळवा चिकटतात. तरी माणसं येत होती. अडलं ते जागेवरून. नदीकाठची जमीन काळी, भारी, आणि कुणीच आपल्या बांधावर ही घाण वाळवू देईना.

दगडू अण्णा म्हणून गावातले एक जुने जाणते गृहस्थ होते. साठीच्या पुढचे, तोंडानं फटकळ, पण कामाला सगळ्यांच्या आधी पाण्यात. तेही म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं खत तुमच्या कागदात ऱ्हाऊ द्या. ही अवदसा माझ्या वावरात नको. एक काडी जित्ती ऱ्हायली तर माझी नातवंडं मला शिव्या देतील."

"अण्णा, कडक वाळलं की काही राहत नाही."

"तुमी बदली हून जाल. आमी हितंच हाय."

त्यात खोटं काही नव्हतं. मग आम्ही वळणावर नदीच्या दोन्ही काठांना मोटेचे जाड दोर बांधले आणि डोहातलं, वरच्या अंगाचं सगळं केंदाळ बांबूंनी रेटून त्या दोरामागे गोळा करत गेलो. जागा मिळेल तशी ते वर काढू, असं मी म्हणत होतो. जागा मिळाली नाही. पण गोळा करणं सोपं होतं म्हणून गोळा होत गेलं. महिनाभरात त्याच्या मुळांनी एकमेकांत असे हात घातले की सगळा एकच पट्टा झाला. वर माणूस उभा राहिला तर नुसता दबायचा, बुडायचा नाही. एकदा एक कुत्रं त्यावरून चालत पलीकडच्या काठाला गेलं आणि तिकडे पोचल्यावर मागे वळून भुंकलं. सगळं गाव हसून हसून बेजार. तो पट्टा केवढा होता हे त्यामुळे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. गावाबाहेर ते कुणालाच माहीत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. सगळं तिच्यावरच आहे.

आणि मी काय केलं होतं, तर महिन्याच्या अहवालात 'नदीपात्र स्वच्छ झाले' असं लिहून मोकळा झालो होतो. पुढच्या पंधरवड्यात होईलच, या हिशेबानं. वर त्या वाक्यानं कुणी तरी खूश झालं. पत्र आलं की गुरुवारी साहेब पाहुण्यांना घेऊन काम बघायला येणार. पत्र सोमवारी मिळालं. मंगळवारी आकाशात ढग चढले, वर मावळात कुठे तरी वळीव झाला असावा, आणि बुधवारी सकाळी डोहाचं पाणी वीतभर वर आलेलं दिसलं.

मी काठावर पत्र हातात घेऊन उभा होतो. दगडू अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. तंबाखू मळत म्हणाले, "भाऊसाहेब, पटकीच्या दिवसांत मरीआईचा गाडा गावात ठेवत्यात का?"

कोकणातून आलेल्या मला ही रीत इथे आल्यावर कळली होती. गावात पटकी लागली की लहानसा लाकडी गाडा करायचा, त्यात देवी बसवायची, हळदकुंकू, लिंबू, हिरवा खण, आणि वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडायचा. पुढच्या गावानं तो तिथून उचलून आपल्या पलीकडच्या शिवेवर सोडायचा. असा तो गाडा गावोगाव जातो. सोडून येताना मागे वळून बघायचं नसतं. आणि गाडा कुठल्या गावानं सोडला ते कुणी कुणाला सांगायचं नसतं. विचारायचंही नसतं.

"पाणी चढलंय," अण्णा म्हणाले. "दोर कापा. जाती बाई फुडल्या गावाला."

मी अंधश्रद्धेवर त्या गावात तीन व्याख्यानं दिली होती. ओहोटीत सोडलेले भारे दारात परत आलेले मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. आणि तरी माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "खालच्या गावांना त्रास होईल."

"पाल्याचा कसला तरास?" कुणी तरी म्हणालं. "त्यांच्याकडं बी कमी हाय व्हय? आन् त्यांना काय हात न्हाईत?"

सगळे हसले. मीही हसलो. एका बाईनं खरंच कुंकवाचं बोट आणून दोराला लावलं. अण्णांनी कोयता माझ्या हातात दिला. "सरकारचा मान पयला!" पुन्हा हशा. मी दोर कापला. सहा-सात घाव बसले. शेवटचा पीळ तुटला तेव्हा दोर सापासारखा मागे उडाला आणि तो सगळा हिरवा पट्टा, अख्खा, एक फूलही न हलता, सावकाश वळून निघाला. बघण्यासारखं दृश्य होतं. पण मंडळी माघारी फिरली होती, आणि मागे वळून बघायचं नसतं, म्हणून मीही बघितलं नाही.

गुरुवारी साहेब आले. डोहाचं पाणी आरशासारखं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

शनिवारी टपालासाठी आळंदीला गेलो होतो. तिथे दोघे जण बोलत होते, चऱ्होलीच्या मारुती भोयाची नाव गेली. चऱ्होली ही तिथून खाली, इंद्रायणीच्या दोन्ही काठांना. मधे पूल नव्हता, नाव चालायची. बाजारची माणसं, शेळ्या, नवरीकडची वऱ्हाडं, सगळी त्या एका नावेतून ये-जा करायची. मी सायकल तिकडे वळवली. का वळवली? सांगायला वळवली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे बघायला वळवली. नाव दुसऱ्याच कशानं तरी गेली असेल, अशी आशा होती.

घाटावर माणसं होती. काठच्या बाभळींच्या खालच्या फांद्यांना केंदाळाच्या झिपऱ्या लोंबत होत्या. नाव बांधायचा दगडी खुंट जागेवर होता आणि त्याच्याजवळ एक पंचविशीचा तगडा गडी मान खाली घालून बसला होता. हा मारुती भोयाचा मुलगा, गेनू. बुधवारी दुपारी नावेवर त्याची पाळी होती. कडक ऊन, घाटावर चिटपाखरू नाही. तो नाव बांधून भाकरी खायला घरी गेला आणि परत आला तर नाव नाही. तिच्या फळ्या दोन दिवसांनी खाली खडकात सापडल्या. पलीकडच्या काठाला शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीनं 'हिरवं रान व्हात गेलं' एवढं सांगितलं होतं, पण तिला डोळ्यांनी कमी दिसायचं.

"गाठ मारली व्हती का कासरा नुसता अडकवला व्हता, गेन्या?" एकानं विचारलं.

"नवी बायको. भाकरीची घाई झाली आसंल!"

गेनू म्हणाला, "मी दुहेरी गाठ मारली व्हती. आबाची शपथ."

"माझी शपथ घिऊ नगंस." हे मारुती आबा बोलले. ते मुलाकडे पाठ करून बसले होते, पाण्याकडे तोंड. "चाळीस वरसं त्या खुंटाला नाव बांधली मी. पुरात बांधली. एकदा सुटली न्हाई."

"आबा, केंदाळानं नेली आसंल. लई केंदाळ आलं त्या दिशी."

"पाल्यानं नाव जाती व्हय रं?"

लोक हसले. त्यांचंही बरोबर होतं. त्यांनी पाहिलेलं केंदाळ म्हणजे इथे एक झुबका, तिथे एक झुबका. वर मी माणसं उभी राहतील एवढा पट्टा बांधून ठेवला होता हे त्यांना कुठून ठाऊक असणार? भर उन्हात ओस पडलेल्या आळंदीच्या घाटाला घासून, पुढे येऊन, त्या नावेवर त्यानं किती टनांचा रेटा दिला असेल. कुठलीच गाठ टिकली नसती. हे तिथे उभ्या असलेल्यांपैकी फक्त मला माहीत होतं.

तेवढ्यात गेनूचं लक्ष माझ्याकडे गेलं. आमची तोंडओळख होती. त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. बुडत्याला फळी दिसावी तसा तो उठला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी वरल्या अंगाचं. बुधवारी वर पाणी लई चढलं व्हतं का वो? सांगा यांना."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आबांचीही.

मी म्हणालो, "वीतभर."

खरं होतं ते. पाणी वीतभरच चढलं होतं. मी खोटं बोललो नाही. लई चढलं होतं असं खोटं बोललो असतो तर तो सुटला असता. पण मग लोकांनी विचारलं असतं, मग पुरातून केंदाळ किती आलं, कुठून आलं? म्हणून मी खरं बोललो, आणि तेवढंच बोललो.

"ऐकलंस?" आबा म्हणाले. "वीतभर!" आणि पुन्हा पाण्याकडे तोंड करून बसले.

गेनू खाली बसला. मी सायकलची घंटी उगाच एकदा वाजवून बघितली आणि निघालो.

माणूस स्वतःशी किती वकिली करतो. नाव जुनी होती, पुढेमागे फुटणारच होती. आज ना उद्या पूल होईल, तर बंदच पडायची होती. मी कापला नसता तरी दोर तुटला असता. कोयता अण्णांनी दिला. सगळ्या गावानं मिळून सोडलं, मग माझ्या वाट्याला किती? ही सगळी उत्तरं मला पाठ आहेत, आणि सगळी नावेबद्दलची आहेत. नावेचं मला फारसं काही वाटत नाही. नाव लाकडाची होती. तो 'वीतभर' हा शब्द माझा होता. तो कुणी माझ्या हातात दिला नव्हता.

पुढे वर्षभरात मी ग्रामसेवकाची नोकरी सोडली. पिंपरीला कारखाने उभे राहत होते, माळावर रोज नवं काही तरी जमिनीतून वर येत होतं, आणि लिहिता-वाचता येणाऱ्याला काम मिळत होतं. मी एका कारखान्यात भांडारावर लागलो. खिडकीतून कामगारांना हत्यारं द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. चौथ्या की पाचव्या दिवशी खिडकीसमोर गेनू उभा. बांधकामावर मजूर म्हणून लागला होता. मला बघून हसला, गावाकडचा माणूस भेटल्यासारखा. "भाऊसाहेब, तुमी बी हितंच?"

तेव्हापासून रोज. कधी पहार, कधी घमेलं. एकदा परांची बांधायची होती. मुकादमानं सुतळीचा वेटोळा त्याच्या अंगावर फेकला आणि म्हणाला, "बांध रे ती आडवी." गेनूनं वेटोळा झेलला आणि शेजारच्याला दिला. "मला गाठ न्हाई मारता येत."

"अरे, भोई ना तू?"

"व्हय. पर येत न्हाई."

जाळ्याची, नावेची, घोड्याच्या तंगाची अशा वीस गाठी डोळे मिटून मारणाऱ्या घराण्यातला तो माणूस. चऱ्होलीकडचा कुणी तरी तिथे होताच, त्यानं गोष्ट सांगितली, आणि त्या दिवसापासून गेनूचं नाव 'ढिल्या' पडलं. ए ढिल्या, पाणी आण. ए ढिल्या, चड्डीची नाडी नीट बांधली का? तो त्या नावाला ओ देतो. मी माझ्या वहीत रोज 'गेनू मारुती' असं ठळक अक्षरात लिहायचो. तेवढं मी त्याच्यासाठी करत होतो. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच वाटायचं की काही तरी करतोय.

गेल्या माघात तो दहा-बारा दिवस आला नाही. आला तेव्हा डोकं भादरलेलं.

"आबा?" मी विचारलं.

"व्हय."

मी त्याला फावडं दिलं. तो गेला. मागे दुसरा उभा होता, त्याला पहार हवी होती.

हे सगळं परवा घाटावर उभं राहून मला एकदम आठवलं असं नाही. विसरलोच नव्हतो. पण 'त्यांना काय हात नाहीत' हे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्या नदीवर, दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकले आणि कळलं, की माझ्यानंतरही हे असंच चालू राहणार आहे. मी काठावरून ओरडलो, "अहो, वर काढा ते! सोडू नका!" जाडे गृहस्थ म्हणाले, "या की मग पाण्यात, साहेब!" मी गेलो नाही. पाळी चुकली होती. पण रविवारी सकाळी उठून पिंपरी गावात गेनूची खोली शोधत गेलो.

तो दारात बसून कोंबडीच्या खुराड्याची फळी ठोकत होता. बायकोनं चहा केला. मी चहा संपेपर्यंत थांबलो नाही, नाही तर चहा पिऊन परत आलो असतो. सांगितलं. दोर, कुंकू, कोयता, वीतभर. त्यानं हातोडी खाली ठेवली होती.

सगळं ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "केवढं व्हतं म्हनला ते?"

मी समोर बोट केलं. "इथून त्या पिंपळाच्या पलीकडं जाईल एवढं लांब. रुंदीला नदीएवढं."

तो उठला आणि पिंपळापर्यंत चालत गेला. पावलं मोजत असावा. तिथे जरा वेळ उभा राहिला. परत आला.

"मग कंचीच गाठ ऱ्हायली नसती."

"नाही."

"आबाची बी न्हाई."

"नाही."

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. तो म्हणाला, "तिरडी बांधत व्हते तवा मी दोरी उचलली, भाऊसाहेब. मामानं माझ्या हातातनं काढून घेतली. म्हनला, तू नगं. सुटंल." त्यानं हातोडी पायानं बाजूला सारली. "हे आबाला सांगायला पायजे व्हतं."

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. त्यानं हात केला. खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला.

"मामा हाय अजून. चला."

"आत्ता?" मी म्हणालो. "पुढच्या रविवारी जाऊ. मी नक्की..."

"किती रविवार गेले?" तो शांतपणे म्हणाला. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

आम्ही दोन सायकलींवरून गेलो. ऊन चढलं होतं. चऱ्होलीत मारुतीच्या देवळाच्या पारावर पाच-सहा माणसं बसली होती आणि मधे मामा, आबांचे मेहुणे, सत्तरीचे, हातात काठी. गेनूला बघून एक जण म्हणाला, "अरे, ढिल्या आला!" गेनूनं त्याच्याकडे बघितलंही नाही. मामांसमोर जाऊन म्हणाला, "मामा, हे भाऊसाहेब. यांचं ऐक."

मी हळू आवाजात सुरुवात केली. मामांनी कानामागे हात धरला.

"काय म्हनला? मोठ्यानं बोला. मला ऐकू येत न्हाई."

मी पुन्हा सांगितलं.

"कशाचा दोर?"

सहा वर्षं मला जे कुजबुजताही आलं नाही ते मी भर दुपारी, पारावर, ओरडून सांगितलं. वरच्या गावात मी केंदाळ बांधलं होतं. अख्ख्या नदीच्या रुंदीचं. दोर मी कापला. त्यानं नाव नेली. गेनूची गाठ पक्की होती. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. पाणी भरायला निघालेल्या दोघी-तिघी कळशा कमरेवर घेऊन थांबल्या. कुणी हसलं नाही. गेनू माझ्याकडे बघत नव्हता, मामांच्या तोंडाकडे बघत होता.

मामांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "आबा व्हता तवा कुठं व्हता तुमी?"

"पिंपरीत," मी म्हणालो. "आठ-नऊ मैलांवर."

त्यांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा कानामागे हात धरला. मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.

मामांनी मान हलवली. मग माझ्यावरची नजर काढून गेनूला म्हणाले, "जेवलास का?"

"न्हाई."

"चल मग."

ते उठले. काठी एका हातात, दुसरा हात त्यांनी गेनूच्या खांद्यावर ठेवला. गेनू दोन पावलं गेला आणि थांबला.

"तुमी जावा, भाऊसाहेब," तो म्हणाला. "मी आज हितं ऱ्हातो."